पाय सगळ्यांना दिसतात

गरोदर बाईकडे बघायची आमच्या गावात एक ठरलेली रीत आहे. आधी पोट, मग चेहरा, आणि मग नजर जी खाली घसरते ती थेट पायांवर येऊन थांबते. पोटावरून मुलगा की मुलगी ते ठरतं, चेहऱ्यावरून सासरी नीट खायला घालतात की नाही ते ठरतं, आणि पायांवरून उरलेलं सगळं. मला सातवा लागला एप्रिलमध्ये आणि पाय सुजायला लागले तेही तेव्हाच. त्यानंतर वेंगुर्ल्याच्या बाजारात ज्या मासळीवालीपुढे उभी राहिले, तिने माशांच्या भावाआधी निदान सांगितलं. "काय गो, पाय सुजले मा? मीठ बंद कर." तिच्या शेजारची म्हणाली, "पाणी कमी पी." तिसरीने "झील होतलो" म्हणत मुलगाच जाहीर केला, तर चौथीने तिलाच झापलं, "खुळी काय, चेडू होतला तेव्हाच पाय सुजतत."

सूज कशी होती ते सांगते. सकाळी उठल्यावर पाय बऱ्यापैकी माझेच असायचे. दुपारपर्यंत घोटे दिसेनासे व्हायचे आणि संध्याकाळी बोटं उकडलेल्या कणगरांच्या कंदांसारखी टरटरून यायची. नडगीवर अंगठा दाबून सोडला की तिथे खळगा पडायचा आणि तो हळूहळू भरून यायचा. माझ्या धाकट्या पुतण्याला हा खेळ भलता आवडला होता. तो अंगठा दाबायचा, सोडायचा, आणि खळगा भरेपर्यंत बेचा पाढा म्हणायचा. पाढा पुरा झाला तरी खळगा शिल्लक राहिला की त्याला तीनचा सुरू करावा लागे. त्याचे पाढे त्या उन्हाळ्यात पक्के झाले, एवढा एक फायदा.

डॉक्टरबाईंनी कागदावर रेघोट्या मारून मला सगळं समजावलं होतं. गरोदरपणात अंगातलं रक्त सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं. त्यात पातळ भाग जास्त वाढतो, तांबड्या पेशी त्या मानाने कमी. एकंदर सहा ते आठ लिटर जादा पाणी शरीर धरून ठेवतं, आणि ते काही चुकून नव्हे, बाळासाठी आणि बाळंतपणातल्या रक्तस्रावासाठी केलेली ती तजवीज असते. वाढलेली पिशवी कमरेतल्या नसांवर आणि मणक्याच्या उजव्या अंगाने वर जाणाऱ्या मोठ्या नीलेवर दाब देते, म्हणून पायांतलं रक्त वर चढायला वेळ लावतं. डाव्या कुशीवर झोपा म्हणतात ते त्याचसाठी. वर आपला उकाडा. कोकणात पारा फार चढत नाही, पण हवेतच इतकं पाणी असतं की घाम वाळत नाही. उष्म्याने शिरा सैलावतात आणि पाणी आणखी खाली उतरतं. मे महिन्यात मला कोणी विचारलं असतं तर मी ही सगळी तजवीज विदर्भातल्या कोरड्या हवेत करायची परवानगी मागितली असती.

मी एका काजू कारखान्यात हिशेबाचं काम बघते. मार्च ते मे हा आमचा ऐन हंगाम, म्हणजे रजा मागायची सोय नाही. माझ्या टेबलाची उंची अशी की पाय अधांतरी लोंबकळत राहतात. पलीकडच्या शेडमध्ये बायका काजू फोडायच्या यंत्रावर बसतात, त्याला हाताने बी लावायची आणि पायाने दांडा दाबायचा. त्यांतली एक वयस्क बाई, चार बाळंतपणं उरकलेली, एकदा पगाराची सही करायला आली आणि माझ्या टेबलाखाली वाकून बघून म्हणाली, "बसून रवलंस तर सुजतलेच. पाय हलवत रव." पोटरीचे स्नायू हलले की ते शिरांतलं रक्त पिळून वर ढकलतात, हे शास्त्र तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. मी टेबलाखाली तांदळाचा एक रिकामा डबा आडवा ठेवला आणि त्यावर तळवे मागेपुढे फिरवत जमाखर्च लिहू लागले. मालक एकदा आवाजाने दचकून उंदीर शोधत होते.

खरी अडचण निराळीच होती. पाय सुजल्यावरचा सगळ्यांत साधा, बिनखर्चाचा, कुठल्याही डॉक्टरने सांगितलेला उपाय म्हणजे पाय उंचावर ठेवून पडायचं. आता हा उपाय आमच्या घरात बसवून दाखवा. वाऱ्याची जागा म्हणजे पडवी, आणि पडवीत सासरे बसलेले. त्यांच्यासमोर सुनेने खुर्चीवर पाय टाकून बसायचं? माजघरात पंखा आहे, पण भिंतीवर पाय टेकवायचे तर त्या भिंतीच्या पलीकडे देवघर. आतल्या खोलीत पलंग आहे, तर उत्तरेला डोकं नको आणि दक्षिणेला पाय नकोत. त्यात डावी कूस. म्हणजे वारा, देव, यम, वडीलधारे आणि ती मोठी नीला या सगळ्यांना सांभाळून उशीवर पाय ठेवायचे. भूमितीत मला इतका विचार कधी करावा लागला नव्हता.

डॉक्टर "आराम करा" म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात एक पलंग असतो. बाईच्या मनात घर असतं. हे मला दवाखान्यातल्या बाकावर बसलेल्या इतर बायांशी बोलताना फार जाणवलं. एकीच्या घरी पाहुण्यांचा राबता, एकीला विहिरीवरून पाणी भरायचं, एकीची जागाच एवढी की ती आडवी झाली तर दुसऱ्याने उभं राहायचं. माझं त्या मानाने बरं. सासऱ्यांशी मी या विषयावर एक अक्षर बोलले नव्हते, बोलणारही नव्हते. पण एके दिवशी चारच्या सुमाराला त्यांनी आपली खुर्ची उचलली आणि खळ्यात माडाच्या सावलीत नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशीही तेच. "हय वारो बरो लागता," एवढंच म्हणाले. पडवीत एक बाकडं आणि दोन उशा रिकाम्या राहिल्या. ज्याला समजायचं त्याला समजलं.

मग जोडव्यांचं प्रकरण झालं. माझी जोडवी बिनसांध्याची, सलग वळ्यांची, लग्नात बोटांत चढवली ती तेव्हापासून तिथेच. मेच्या अखेरीला उजव्या पायाचं बोट वळ्याच्या दोन्ही बाजूंनी फुगलं आणि टोकाला निळसर दिसू लागलं. जोडवी काढायची म्हणजे काय, हे लग्न झालेल्या बाईला सांगायला नको. मी दोन दिवस तेल लावून ती नुसती फिरवत बसले. सासूबाईंना विचारायचा धीर होत नव्हता. त्या पक्क्या सोवळ्याओवळ्याच्या, हळदीकुंकवाचा एकही वार न चुकवणाऱ्या.

त्यांनीच एका सकाळी, मी अजून पलंगावरून खाली उतरले नव्हते तेव्हा, खोबरेल तेलाची वाटी आणि गोधडी शिवायचा दोरा आणला. सूज सकाळी कमी असते, म्हणून ही वेळ. माझा पाय त्यांनी आपल्या मांडीवर घेतला. सुनेचा पाय सासूने मांडीवर घ्यायचा, तो मी ओढून घेतला, त्यांनी परत घेतला. थंड पाण्याचं फडकं थोडा वेळ बोटावर धरलं. मग दोऱ्याचं एक टोक सुईच्या बोथट बाजूने वळ्याखालून अलगद मागे सरकवलं आणि पुढचा दोरा वळ्यापासून नखाकडे शेजारी शेजारी, एकही फट न ठेवता, घट्ट गुंडाळत नेला. बोट पांढरं पडलं. वर तेल. आणि मग मागचं टोक हळूहळू उलगडू लागल्या. दोरा एकेक वेढा सुटत होता आणि प्रत्येक वेढ्याबरोबर वळं पुढे सरकत होतं. सांध्यावर अडकलं तेव्हा मी जीभ चावली. तिथून सुटलं आणि त्यांच्या तळहातात पडलं. बोटावर चांदीने कोरलेली खोल खूण राहिली होती. दुसऱ्या पायाचं त्या मानाने लवकर निघालं. दोन्ही जोडवी धुऊन त्यांनी देवघरातल्या कुंकवाच्या करंड्यात ठेवली. त्यांच्या पहिल्या खेपेला कुणी लक्षच दिलं नव्हतं, शेवटी सोनाराला बोलावून कात्रीने कापावं लागलं होतं, हे त्या दोरा गुंडाळताना सांगत होत्या. डोहाळजेवणाला आलेल्या एका बाईने माझ्या मोकळ्या बोटांकडे बघून भुवया चढवल्या, तर सासूबाई म्हणाल्या, "आधी पाय, मगे जोडवी," आणि तिच्या पानात आणखी एक मोदक वाढला.

मात्र याच सासूबाई मिठाच्या बाबतीत मासळीवालीच्या बाजूच्या. त्यांनी माझ्या पेजेतलं मीठ काढलं, पाण्याचा तांब्या लपवला आणि सकाळ-संध्याकाळ कुळथाचं कढण सुरू केलं, कारण कुळीथ लघवी साफ करतात. शेजारून कुणी घेटुळीचा पाला आणून दिला. ही घेटुळी म्हणजे पुनर्नवा, आयुर्वेदात सुजेवरची नावाजलेली वनस्पती. मी दोन्हींबद्दल डॉक्टरबाईंना विचारलं. कुळथाची पिठी जेवणात खुशाल खा, म्हणाल्या. लघवी वाढवणारा पाला किंवा गोळी मात्र गरोदरपणात आपल्या मनाने घ्यायची नाही. मीठ तोडल्याने ही सूज जात नाही आणि रक्तदाबाचा आजारही टळत नाही. पाणी कमी प्यायल्याने तर उलटच होतं. नेहमीइतकं मीठ, तहानेइतकं पाणी, एवढाच त्यांचा हिशोब. सुक्या मासळीचा हात मात्र आवरा, असं बजावलं.

आता हे सांगणं सोपं. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, म्हणजे माझा आठवा-नववा नेमका सुक्या बांगड्यांचा, गोलम्याचा आणि खारातल्या कैऱ्यांचा. वास आला की जीव वेडा व्हायचा. आम्ही मध्यममार्ग काढला. बांगडा तासभर पाण्यात भिजवायचा, ते पाणी फेकायचं, पुन्हा धुवायचा, आणि मला एकच तुकडा. अंडी आणि डाळ वाढवली, कारण अंगात रक्त आणि प्रथिनं कमी असली तर त्यानेही पाय सुजतात. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये, तिचा गुण चहा खाऊन टाकतो, म्हणून ती लिंबू सरबताबरोबर, आणि कॅल्शियमची वेगळ्या वेळी. कोकणी घरात चहाशिवायची वेळ शोधणं हे आणखी एक काम.

पाण्यात उभं राहिल्याने सूज उतरते, हे मात्र मला कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. पाण्याचा दाब सगळीकडून पायांवर पडतो आणि साचलेलं पाणी शिरांत परत ढकलतो, मग लघवीलाही जास्त होते. मे महिन्यात ओहोटीच्या वेळी आम्ही नवराबायको सकाळी सागरेश्वरला जायचो आणि मी गुडघाभर पाण्यात त्याचा हात धरून चालायचे. सकाळी, कारण तिन्हीसांजेला गरोदर बाईने दर्यावर जायचं नाही हे घरात ठाम होतं. त्यावर मी वाद घातला नाही. जून लागल्यावर दर्यानेच तो प्रश्न मिटवला.

हे सगळं चालू असताना मला एक गोष्ट राहून राहून डाचत होती. माझ्या पायांवर गावभर चर्चा होती, आणि माझ्या चुलत जावेचं काय झालं होतं ते कुणी बोलत नव्हतं. तिचे पाय शेवटपर्यंत सडसडीत होते. "बघ कशी तुकतुकीत," असं तिचं कौतुक चालायचं. आठव्यात तिचं डोकं दुखू लागलं. पित्त म्हणून तिला आमसुलाचं सार दिलं. डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले, तो उन्हाचा त्रास ठरला. उजव्या बरगडीखाली दुखू लागलं तेव्हा बाळाची लाथ लागते म्हणाले. आरोग्यसेविका सहज घरी डोकावली आणि रक्तदाब घेतला तर वरचा आकडा १६० च्या पुढे आणि खालचा ११० च्या. आकडी येऊ नये म्हणून तिला मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन दिलं, १०८ ची गाडी आली, ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात नेलं, तिथून गोव्यात बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात. बाळ वेळेआधी झालं, किलोच्या हिशोबात अगदीच बेताचं. आज दोघंही धडधाकट आहेत. पण ज्या अंगावर सगळ्यांची नजर होती, त्या अंगावर काहीच दिसलं नव्हतं.

विसाव्या आठवड्यानंतर दाब १४०/९० किंवा त्याहून वर सापडला आणि काही तासांनी पुन्हा तसाच आला, सोबत लघवीत प्रथिनं निघाली, तर तो प्रीएक्लाम्पसिया, गरोदरपणातला रक्तदाबाचा आजार. लघवी साफ असली तरी यकृत, मूत्रपिंड, रक्तातल्या बिंबिका (प्लेटलेट्स) यांवर परिणाम दिसला तरीही तोच. मूळ दुखणं वारेत (प्लॅसेंटात) असतं, पायांत नाही. पूर्वी पायांची सूजही निदानात धरत असत, पण ती इतक्या निरोगी बायांना येते की डॉक्टरांनी तिला निकषांतून काढून टाकलं. मात्र तोंड आणि हात एकाएकी सुजले, अंगठी रात्रीत रुतली, तर थांबायचं नाही. एकच पाय सुजला, पोटरी दुखली, गरम आणि लाल झाली तर तो निराळा धोका, शिरेत गुठळी झाल्याचा, आणि गरोदरपणात ती बहुधा डाव्या पायात होते. आमच्या सिस्टर शिंप्याची टेप ठेवतात आणि दोन्ही पोटऱ्या मोजतात. लोकांचं आपलं ठरलेलं, दोन्ही पाय सुजले की घाबरायचं आणि एक सुजला की "मुरगळला असेल".

मी दाब मोजायचं मशीन घेतलं. पहिला आकडा आला १३८/८८ आणि घरात पळापळ झाली. पण मी नुकतीच खालच्या बाजारातून पाखाडी चढून आले होते आणि मशीन बांधून नवऱ्याशी भांडतही होते. पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसायचं, पाय जमिनीला, हात छातीच्या उंचीवर, पट्टा उघड्या दंडावर, मग मोजायचं. तसं मोजलं तर ११८. गप्प बसणं हा यातला सर्वांत कठीण भाग आहे. आकडे मी माता बाल संरक्षण कार्डाच्या मागे लिहून ठेवायचे आणि ९ तारखेला ते कार्ड घेऊन सरकारी तपासणीला जायचे. दर महिन्याच्या ९ तारखेची ही मोफत तपासणी २०१६ पासून आहे, तिथे दाब, लघवी, हिमोग्लोबिन सगळं एका फेरीत होतं. खाजगी डॉक्टर असूनही मी गेले, आणि बाकावरच्या गप्पा फुकट मिळाल्या त्या वेगळ्या.

पाऊस लागला आणि वेगळीच दुखणी आली. सुजलेली बोटं एकमेकांना चिकटतात आणि मधल्या फटींत चिखल्या होतात. त्या फुटल्या की पाणंदीतल्या साचलेल्या पाण्यात पाय घालायचा नाही, कारण आपल्याकडे लेप्टोच्या तापाची भीती असते आणि त्याचे जंतू फुटलेल्या कातडीतून आत शिरतात. माझ्या एकाही चपलेत पाय मावत नव्हता. नवऱ्याच्या गमबुटात मात्र दोन्ही आरामात गेले. आठ महिन्यांची बाई पुरुषी गमबूट घालून कारखान्यात हिशेब लिहायला जाते, हे दृश्य वाडीने बरेच दिवस चघळलं. गमबूट बघितले, पोट बघितलं, पाय तर बूटांत गेले होते, तेव्हा पहिल्यांदाच कुणी विचारलं, "डोक्या-बिक्या दुखता काय गो?" विचारणारी माझी चुलत जाऊ होती.

एकदा खरंच दुखलं. रात्री, वीज गेलेली, पन्हळीतून पाणी धो धो पडतंय. सगळं घर जागं, विजेरीच्या उजेडात मशीन बांधलं, १२२/७६. डोळ्यांपुढे काही नाही, बरगडीखाली काही नाही. सकाळी डॉक्टरबाई हसल्या. लोहाच्या गोळीच्या नादात मी दिवसाचे पाचही चहा एकदम बंद केले होते, आणि डोकं त्याचाच बदला घेत होतं. दोन चहा परत मिळाले.

बाळ झालं आणि मला वाटलं सुटले. तर पहिले तीन-चार दिवस पाय आधीपेक्षाही फुगले, सलाईनचं पाणी आणि पेशींभोवती साचलेलं, रक्तात परतणारं पाणी मिळून. मग एका रात्रीत घामाने तीन गाऊन बदलले, सारखी लघवीला उठत होते, आणि आठवड्याभरात घोटे सापडले. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं असा इथेही एक आग्रह झाला, तो मी मोडून काढला. दाब मात्र बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत वर जाऊ शकतो, म्हणून मशीन माहेरीही बरोबर होतं. माझ्या आईने ते शेगडीपासून जपलं.

पाय आता पूर्वीपेक्षा अर्धा नंबर मोठे आहेत, ते तसेच राहणार म्हणे. जोडवी मी नवीन घेतली, सांध्याची, उघडणारी. आणि मशीन घरी फार थांबत नाही. आधी जावेच्या बहिणीकडे गेलं, मग कारखान्यातल्या एकीकडे, सध्या वरच्या वाडीत आहे. त्याला चार सेल लागतात आणि ते नेमके मोजायच्या वेळी संपलेले असतात. नेणारा पोरगा आमच्या पडवीत येतो, सासूबाई भिंतीवरचं घड्याळ उतरवतात, मग सासऱ्यांचा रेडिओ उघडतात. गेला महिनाभर आमच्या घरी सव्वाअकरा वाजलेले आहेत आणि बातम्या कुणालाच माहीत नाहीत.